पालवणकर बाळूंची गोष्ट आपण कुठे थांबवतो?

बाळूंवरची एखादी रील किंवा यूट्यूबवरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. गोष्ट साधारण अशी असते. चांभार कुटुंबातला एक मुलगा पुण्यात क्रिकेट क्लबचं मैदान झाडतो, रोलर फिरवतो. नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करता करता तो इतका तयार होतो की पुण्यातल्या हिंदू क्लबला त्याला संघात घ्यावं लागतं. त्याचा चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. मग तो इंग्लंडला जातो, ११४ बळी घेतो, परत आल्यावर त्याचा सत्कार होतो. मागे संगीत चढत जातं आणि व्हिडिओ संपतो.

यातलं काही खोटं नाही. फक्त हे सगळं १९११मध्ये संपतं, आणि बाळू जगले ४ जुलै १९५५पर्यंत. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी दोन गोष्टी केल्या, ज्या रीलमध्ये बसत नाहीत. १९३२ साली पुणे करारावर सही केली. आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते उभे राहिले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

हे वाचून बरेच जण गप्प होतात. बाळूंवर अभिमानाने पोस्ट टाकणारेही. ज्याला आपण नायक मानला तो आपल्या दुसऱ्या, कितीतरी मोठ्या नायकासमोर उभा राहिला, हे कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचं ते कळत नाही. मग सोपा मार्ग म्हणजे गोष्ट आधीच थांबवायची. क्रिकेटर बाळू घ्यायचे, राजकारणी बाळू सोडून द्यायचे.

माझं म्हणणं उलटं आहे. बाळूंचं राजकारण त्यांच्या क्रिकेटमधूनच आलं. आणि गंमत म्हणजे त्याच क्रिकेटमध्ये त्या राजकारणाविरुद्धचा सगळ्यात सबळ पुरावाही आहे.

नेटमधली वर्षं

बाळूंचा जन्म १८७६चा, धारवाडचा. घराणं कोकणातल्या पालवणचं, म्हणून पालवणकर. वडील लष्करी नोकरीत. पुण्यात आल्यावर बाळूंना पहिलं काम मिळालं पारशांच्या एका क्रिकेट क्लबमध्ये: खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेले आणि पगार चार रुपये झाला. तिथे नेट लावणं आणि टेनिस कोर्टाची निगा राखणं ही कामं होती, आणि अधूनमधून साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणं हेही.

या सगळ्या माहितीसाठी आपण रामचंद्र गुहांचे ऋणी आहोत. त्यांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' हे पुस्तक २००२मध्ये आलं आणि विस्मरणात गेलेले बाळू पुन्हा चर्चेत आले. गुहांनी बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या १९४८च्या 'माझे क्रीडा-जीवन' या मराठी आत्मकथनाचाही आधार घेतला. बाळूंनी स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र आपल्या हाती नाही. म्हणजे जे बाळू आपल्याला भेटतात ते भावाच्या आठवणींतून, वर्तमानपत्रांतून आणि एका इतिहासकाराच्या मांडणीतून. हे लक्षात ठेवायला हवं.

गुहांनी दिलेला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. पूना क्लबमध्ये बाळूंनी तासन् तास गोलंदाजी केली. कॅप्टन ग्रेग नावाचा, तेव्हाच्या हिंदुस्थानातला अव्वल इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून सराव करून घ्यायचा. बाळूंनी त्याला बाद केलं की तो आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. पण एवढ्या वर्षांत नेटमध्ये बाळूंच्या हाती बॅट एकदाही दिली गेली नाही. तेव्हाच्या क्रिकेटमध्ये फलंदाजी हे सरदारांचं काम आणि गोलंदाजी हे मजुरांचं. बाळूंची डावखुरी फिरकी ही या मजुरीतून तयार झालेली कारागिरी होती. टप्पा, उंची, वेग, चेंडूवरची पकड, हे सगळं त्यांनी रोजच्या कामात घोटलं.

कचरा आणि बाळू

गुहांच्या पुस्तकाच्या वर्षभर आधी, २००१मध्ये, 'लगान' आला. त्यातल्या कचराला बघून बाळूंची आठवण काढणारे लेख आजही येतात. तुलना साहजिक आहे: अस्पृश्य फिरकी गोलंदाज, संघात घेण्यावरून गावाचा विरोध, मग नायकाचं भाषण आणि सगळ्यांचं मनपरिवर्तन. त्यात 'लगान' घडतो १८९३ साली. म्हणजे चित्रपटातला कचरा ज्या वर्षी चंपानेरमध्ये पहिला चेंडू टाकतो, त्याच वर्षी सतरा वर्षांचे खरेखुरे बाळू पुण्यात साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकत होते.

पण साम्य तिथेच संपतं. कचराचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळे. ते कौशल्य त्याने कमावलेलं नाही, ते त्याच्या शरीराला चिकटलेलं आहे, त्याची त्यालाच कल्पना नाही. ते ओळखतो भुवन, त्याची बाजू मांडतो भुवन, आणि कचरा भारावलेल्या डोळ्यांनी बघत राहतो. आख्ख्या चित्रपटात कचराचं स्वतःचं म्हणून मत नाही. संघात घेतलं हीच त्याच्या गोष्टीची परिसीमा.

बाळूंना मत होतं. त्यांना आणि त्यांच्या भावांना संघात घेतल्यानंतरचे प्रश्न पडले: गोलंदाजी आम्ही करायची, तर कर्णधार कोण? निवड समितीत कोण? चहा कुठे? 'लगान'च्या पुढच्या वर्षी कचराने गावच्या पंचायतीत जागा मागितली असती तर भुवन काय म्हणाला असता, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही. बाळूंच्या आयुष्याला पडला.

एकच चेंडू, वेगळं भांडं

पुण्याच्या हिंदू क्लबने बाळूंना घेतलं ते सामने जिंकायचे होते म्हणून. क्लबमधल्या ब्राह्मण सभासदांत यावरून वाद झाले. शेवटी तोडगा निघाला तो असा: मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावतील, पण मध्यंतरात बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, आणि जेवण वेगळ्या ताटात. मैदानातली समता ओव्हर्सच्या हिशेबाने चालायची. लंच झाला की ती बंद.

मग बाळू बळी घेत गेले आणि नियम सैल होत गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात बाळूंचं जाहीर कौतुक केलं आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत, असा सवाल क्लबच्या मंडळींना केला, असं गुहा सांगतात. बाळू मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, रेल्वेच्या नोकरीत लागले. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा संघात बाळू होते आणि त्यांचे भाऊ शिवरामही. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने त्या विजयाचा संबंध थेट जातीची बंधनं सैल होण्याशी जोडला. मुंबईच्या जिमखान्यात हे भाऊ इतरांबरोबर बसून खाऊ लागले होते.

१९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तेवीस सामन्यांपैकी सहा जिंकला, पंधरा हरला. त्या दमलेल्या संघात बाळूंनी सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले, १८.८४च्या सरासरीने. वय पस्तीस. प्रथम श्रेणीची त्यांची एकूण कारकीर्द ३३ सामन्यांची: १७९ बळी, सरासरी १५.२१. भारत पहिली कसोटी खेळला १९३२मध्ये; तोवर बाळू छप्पन्न वर्षांचे झाले होते.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. गुहांच्या म्हणण्यानुसार मानपत्रामागे एक विशीतला कॉलेजकुमार होता: भीमराव आंबेडकर. तोही लष्करी नोकरदाराचाच मुलगा. रील इथे संपते ती उगाच नाही. इथे सगळं गोड आहे.

कर्णधार कोण?

पण बाळूंच्या क्रिकेटमधला खरा संघर्ष इथून पुढे आहे. चौरंगी सामन्यांत हिंदू संघातले सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज बाळू होते. त्यांना कर्णधार केलं गेलं नाही. १९१३मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की हा मान बाळूंचा होता. मान बाळूंचा आहे हे माहीत असणं आणि तो बाळूंना देणं यांत अंतर होतं.

१९२०मध्ये हे भांडण उघड झालं. बाळूंना संघातून वगळलं, कर्णधारपदासाठी विठ्ठल यांना डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि आपली बाजू त्यांनी वर्तमानपत्रांत मांडली. लोकमत त्यांच्या बाजूने झुकलं. पुढच्या सामन्यात तडजोड झाली: बाळू उपकर्णधार, आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले म्हणजे तेवढा वेळ नेतृत्व बाळूंकडे. भारतीय फिरकीच्या आद्य महापुरुषाला कर्णधारपद मिळालं ते असं, दुसरा माणूस पाणी प्यायला गेला म्हणून. १९२३मध्ये मात्र विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकल्यावर लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

आमच्या होस्टेलवर आरक्षणाचा वाद पेटला की कोणीतरी हमखास म्हणायचं: खरं टॅलेंट असेल तर जात आडवी येत नाही, पहा जुन्या काळी अमुक. त्या 'अमुक'च्या जागी हल्ली बाळूंचं नाव टाकतात. त्या मंडळींना बाळूंचा हा भाग माहीत नसतो. बाळूंचं टॅलेंट पहिल्या दिवसापासून मान्य होतं. कोणालाही शंका नव्हती, म्हणून तर घेतलं. पण ते मान्य झालं ते जेवढं उपयोगाचं तेवढंच. गोलंदाजी हवी होती, नेतृत्व नको होतं. ऑफिसात आजही हे दिसतं. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की फोन कोणाला करायचा हे सगळ्यांना पाठ असतं, आणि प्रमोशनच्या यादीची चर्चा बंद दाराआड होते तेव्हा तेच नाव 'अजून थोडं लीडरशिपवर काम हवं' या शेऱ्यासह खाली सरकतं. त्या खोलीत कोण बसतं हा मेरिटचा प्रश्न नसतोच कधी.

बाळूंच्या गोष्टीत त्या खोलीला नाव आहे: निवड समिती. पुढचं राजकारण समजून घ्यायला हा शब्द लक्षात ठेवा.

येरवडा, १९३२

मुंबईच्या चौरंगी सामन्यांत संघ धर्मावर आणि वंशावर होते: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. मुस्लिमांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले १९०९च्या सुधारणांत. क्रिकेटमध्ये त्यांचा संघ आला १९१२मध्ये. दलितांचा संघ नव्हता. ते हिंदू संघात मोजले जायचे. संघ त्यांचा, निवड समिती दुसऱ्यांची.

ऑगस्ट १९३२मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला आणि दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं. त्यांचं म्हणणं, याने हिंदू समाज दुभंगेल. आंबेडकरांचं म्हणणं, आमचा प्रतिनिधी आम्ही निवडणार. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला: स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा. दलित मतदारांनी आधी चार जणांचं पॅनेल निवडायचं, आणि त्यातला एक सगळ्या मतदारांनी मिळून. कराराखाली ज्यांच्या सह्या आहेत त्यांत 'पी. बाळू' हे नाव आहे.

बाळू त्याआधीपासून संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते, मद्रासच्या एम. सी. राजांबरोबर. उपोषणाच्या दिवसांत राजा आणि बाळू यांनी आंबेडकरांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला, असं गुहा लिहितात.

याला गांधीवाद म्हणा, काँग्रेसची भुरळ म्हणा, जातीजातींतली स्पर्धा म्हणा. या स्पष्टीकरणांत थोडंफार तथ्य आहेच. बाळू चांभार होते आणि आंबेडकरांचा मोठा पाठीराखा वर्ग महार समाजात होता, हे त्या काळच्या राजकारणात सगळे मोजत होते. पण मला वाटतं की याहून सरळ कारण बाळूंच्या पन्नास वर्षांत आहे. बाळूंचा सगळा अनुभव संयुक्त संघाचा होता. बाहेरच्या मातीच्या भांड्यापासून जिमखान्याच्या टेबलापर्यंत, टेबलापासून उपकर्णधारपदापर्यंत आणि तिथून धाकट्या भावाच्या कर्णधारपदापर्यंत. हळू, अपमानास्पद, पण एकाच दिशेने. आत राहून, कामगिरी दाखवून, वेळ पडली तर संघातून बाहेर पडण्याची धमकी देऊन, हक्काची जागा मिळवता येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्याच्या घरात १९२३ घडलं, त्याला संयुक्त मतदारसंघ ही फसवणूक वाटणं अवघड होतं.

आता तीच कारकीर्द आंबेडकरांच्या बाजूने वाचा. संघातला सर्वांत मोठा गोलंदाज कर्णधार होत नाही, कारण निवड समितीत त्याचा माणूस नाही. कर्णधार स्वतः म्हणतो की मान याचा आहे, तरी मिळत नाही. मिळतो तो भावाला, इतक्या वर्षांनी, तोही बहिष्कारानंतर. संयुक्त मतदारसंघाबद्दल आंबेडकरांचा आक्षेप नेमका हाच होता. १९४५च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या पुस्तकात त्यांनी तो सविस्तर मांडला: राखीव जागेवर माणूस दलितच निवडून येईल, पण तो कोणता दलित हे सवर्णांची मतं ठरवतील. निवड समिती त्यांची राहील.

एकाच माणसाच्या आयुष्यातून दोन्ही बाजूंना पूर्ण युक्तिवाद मिळतो. बाळूंनी स्वतःच्या आयुष्यातून 'दार उघडतं' हा धडा घेतला. आंबेडकरांनी १९२७मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला तेव्हा जे झालं त्यावरून त्यांनी 'दाराची किल्ली कोणाकडे' हा प्रश्न घेतला. दोघांनाही आपापला अनुभव होता.

११,२२५ मतं

१९३३मध्ये बाळूंनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि हरले. १९३५मध्ये येवल्यात आंबेडकरांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली, तेव्हा धर्मांतराला बाळूंनी विरोध केला. १९३६मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. आणि १९३७मध्ये मुंबईच्या भायखळा–परळ भागातल्या राखीव जागेवर काँग्रेसने आंबेडकरांसमोर बाळूंना उभं केलं.

मला हा निर्णय बाळूंच्या आयुष्यातला सगळ्यात क्रूर योगायोग वाटतो. आयुष्यभर ज्यांना निवड समितीने नेतृत्व दिलं नाही, त्यांना एका मोठ्या समितीने पहिल्यांदा पुढे केलं ते आंबेडकरांना रोखण्यासाठी. गोलंदाज म्हणून त्यांना हिंदू क्लबने घेतलं तेव्हाही हिशेब उपयोगाचाच होता. इथेही तोच. समोरचा फलंदाज बाद होत नाही, बाळूंच्या हाती चेंडू द्या.

पण बाळूंना नुसतं प्यादं म्हणून सोडून दिलं तर आपणही कचराच करतो त्यांचा. एकसष्टीला आलेला, देशभर नाव असलेला माणूस आपल्या मताने उभा राहिला होता. पुणे कराराची बाजू त्यांनी पाच वर्षं आधीच घेतली होती, तिकिटासाठी बदलली नव्हती. आणि ११,२२५ लोकांनी त्यांना मत दिलं. फरक फक्त २,०२० मतांचा होता.

आणखी एक अडचणीची गोष्ट. १९३७मध्ये आंबेडकर जिंकले ते संयुक्त मतदारसंघातून, बाळूंनी ज्याची बाजू घेतली त्याच पद्धतीने. म्हणजे बाळू हरले आणि त्यांचा युक्तिवाद तेवढ्यापुरता जिंकला. पण १९५२मध्ये, पहिल्या लोकसभा निवडणुकीत, मुंबईत आंबेडकर हरले. जिंकले काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर. राज्यघटनेच्या शिल्पकाराऐवजी राखीव जागेवर कोण जाणार, हे संयुक्त मतदारांनी ठरवलं. आंबेडकरांचा १९४५चा युक्तिवाद त्यांच्याच पराभवाने सिद्ध झाला. बाळू तेव्हा हयात होते.

गुहांचं पुस्तक आणि त्यातली एक त्रुटी

गुहांच्या पुस्तकाने बाळूंना परत आणलं, आणि त्याबाबतीत त्याला तोड नाही. ते १९१३, १९२० आणि १९३७ यांतलं काही लपवत नाहीत. वर दिलेले बहुतेक तपशील त्यांच्याकडूनच आलेत. तरी माझी एक तक्रार आहे. निवडणुकीपर्यंत आल्यावर पुस्तकाचा सूर हळहळीचा होतो: पाहा, ज्याने एकेकाळी ज्याचा गौरव केला, त्याच्याच समोर हा उभा राहिला. दोन मोठी माणसं, नियतीचा खेळ. क्रिकेटच्या प्रकरणांत गुहा जातीची यंत्रणा स्क्रू-स्क्रू उघडून दाखवतात: कोणी वगळलं, कोणी विरोध केला, कोणी तडजोड केली. राजकारणात आल्यावर तीच यंत्रणा पुन्हा चालू असते, फक्त जिमखान्याच्या जागी पक्ष असतो. तिथे त्यांनी तोच पाना हातात घेतला असता तर पुस्तकाचे दोन भाग जोडले गेले असते.

दुसरं टोक आंबेडकरी वर्तुळातल्या काही पोस्ट्सचं. तिथे बाळू म्हणजे विरोधात उभे राहिलेले, विषय संपला. हा राग समजतो. पण त्याने होतं काय, की बाळू पूर्णपणे 'टॅलेंटला जात नसते'वाल्यांच्या हाती जातात. त्यांना रीलमधले १९११चे बाळू हवेच आहेत: हसरे, कृतज्ञ, संघात घेतलेले. कर्णधारपदासाठी भावांनी केलेला बहिष्कार त्यांना नको आहे, पुणे कराराची चर्चा तर नकोच. बाळू आपण सोडले तर ते रिकामे राहत नाहीत, दुसरं कोणीतरी त्यांना भरतं.

२०२४मध्ये बाळूंवर हिंदी चित्रपट येणार अशी घोषणा झाली. तो येईल तेव्हा माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असेल: तो कुठे थांबतो. इंग्लंडमधल्या विकेट्सवर थांबला तर तो 'लगान'चाच दुसरा भाग ठरेल, कचराला थोडे जास्त संवाद असलेला. भायखळा–परळच्या मतदान केंद्रापर्यंत पोचला, आणि तिथे बाळूंना खलनायक किंवा बिचारा न करता उभं केलं, तर काहीतरी नवीन घडेल. त्या दृश्यात पार्श्वसंगीत नको. दोन रांगा पुरेत, दोघांचीही बाजू ऐकलेल्या लोकांच्या.

तोवर वाचायचं असेल तर गुहांच्या पुस्तकातला बाळूंवरचा भाग आणि आंबेडकरांचं १९४५चं पुस्तक एका पाठोपाठ एक वाचा; दुसरं इंटरनेटवर सहज मिळतं. आणि तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात पी. विठ्ठल यांचं 'माझे क्रीडा-जीवन' दिसलं, तर ते मागून घ्या आणि तिथेच बसून वाचा. त्या घरातून, मराठीत, पहिल्या हाताने आलेलं ते आहे. निवड समितीबद्दलची पानं आधी काढा.